बिनऔषधाचा फ्लास्क

आयोडीनची बाटली उघडायचं मी अजूनही होईल तेवढं टाळते. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तरी वर्षातून चार-पाचदा ती उघडावीच लागते. मुलं बटाट्याच्या चकतीवर थेंब टाकतात, चकती निळी-काळी होते, त्यांना गंमत वाटते. मी तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहते. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, वास सहन होत नाही का तुम्हाला?" मी हो म्हटलं. सोपं उत्तर होतं, खपून गेलं.

खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात मी काही चांगली दिसत नाही. चार वर्षं ते मी आणि माझ्या वहिनीनं आमच्या दोघींतच ठेवलं होतं. आता ते झाकून ठेवण्यात काही अर्थ उरला नाही, म्हणून सांगून टाकते.

तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. ज्वारीवर येणारी एक काळी बुरशी माझ्या प्रकल्पाला मिळाली होती. बुरशीला तोंड नसतं, दात नसतात. ती अन्नावर बसते आणि अंगातून एक रस सोडते. तो रस अन्न बाहेरच पचवतो आणि मग ती ते शोषून घेते. त्या रसात जे काम करतं ते एन्झाइम. आमची ही काळी बया स्टार्च, म्हणजे पिठातला पिठूळ भाग, पचवण्यात भारी पटाईत होती. शेतात वापरतात ती बुरशीनाशक औषधं तिला थोडी थोडी चारायची आणि ती मरायच्या आधी तिचं एन्झाइम किती उतरतं ते मोजायचं, एवढंच माझं काम.

ओळीनं फ्लास्क मांडायचे. सगळ्यांत ज्वारीच्या पिठाचं पातळ पाणी, सगळ्यांत तीच बुरशी, पण औषध प्रत्येकात वाढत्या मापानं. आणि पहिल्या फ्लास्कात औषध मुळीच नाही. त्याला कंट्रोल म्हणतात, मी त्याला बिनऔषधाचा म्हणायची. त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय बाकीच्या फ्लास्कांना काही अर्थ नसतो. पाच दिवसांनी प्रत्येक फ्लास्कातलं पाणी गाळून स्टार्चची जेली गोठवलेल्या थाळीतल्या बारीक खड्ड्यांत भरायचं आणि एक दिवस थांबून वर आयोडीन ओतायचं. स्टार्च असेल तिथं थाळी काळीनिळी होते. एन्झाइमनं स्टार्च खाल्लेला असेल तिथं खड्ड्याभोवती स्वच्छ कडं उरतं. कडं मोठं म्हणजे एन्झाइम भरपूर.

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट दिसली आणि मी हरखून गेले. औषध अगदी थोडं असलं की बुरशी मरत नाही, वाळत नाही, रोडावतही नाही. वर तशीच काळीभोर, मखमली गादी धरते. फ्लास्क हातात घेतला तर बिनऔषधाचा कुठला आणि औषधाचा कुठला, कुणाला ओळखता येऊ नये. पण थाळीत आयोडीन ओतलं की कडं इवलंसं. बाहेरून सगळं झकास आणि आतलं काम बंद पडत चाललेलं. आमचे सर म्हणाले, "बुरशीच्या रूपावर जाऊ नकोस. कडं काय सांगतंय ते बघ." मी वहीत ते वाक्य लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघा अजून त्या वहीत आहेत.

आता घरचं सांगते. आमचं घर शुक्रवार पेठेत, शेत अक्कलकोटच्या अंगाला. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं, आईला आम्ही अव्वा म्हणतो आणि वडिलांना अप्पा. अप्पांचं बियाणं म्हणजे घरचीच ज्वारी. पेरणीआधी तिला गंधक चोळायचं, कणसात काणी येऊ नये म्हणून. काणी ही पण एक बुरशीच, दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. गंधक चोळायचं काम किचकट. हात पिवळे होतात, चार दिवस वास जात नाही, डोळ्यांची आग होते. लहानपणापासून बघत आले होते मी ते.

त्या वर्षी मी अप्पांना म्हटलं, "तुमचं गंधक आता जुनं झालं. मी औषध आणते."

"आमचं गंधक काय वाईट हाय?" अप्पा म्हणाले.

मग काय, मला तेच पाहिजे होतं. मी अर्धा तास अक्कल पाजळली. अप्पांनी गप्प ऐकून घेतलं. शिकलेल्या लेकीपुढं माघार घ्यायला त्यांना आवडायचं, हे मला माहीत होतं आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घ्यायची. प्रकल्पात वापरत होते तेच औषध मी दुकानातून आणलं. पांढरी भुकटी, मैद्यासारखी. दुकानात रंग घातलेली पण मिळत होती, लालभडक. मी मुद्दाम बिनरंगाची घेतली, उगाच हात कशाला माखायचे म्हणून.

पेरणीच्या आदल्या दिवशी शेतावर गोणपाट अंथरलं, त्यावर बी ओतलं, गुळाचं पाणी शिंपडलं, भुकटी टाकली. मग एक टोक अव्वानं धरलं, एक मी, आणि बी घोळून घेतलं. गुळानं भुकटी दाण्याला घट्ट चिकटते, हेही मीच सांगितलं होतं. प्रमाण पाकिटावर छापलेलं होतं. मी वर एक चमचा जास्त टाकला. असू दे म्हटलं, काणीचा नायनाट होऊ दे एकदाचा.

"बघ अव्वा, हाताला काही लागलं? वास येतोय?"

अव्वानं तळवे नाकाशी नेले. "न्हाय की गं," ती म्हणाली, आणि अप्पांकडं बघून अशी हसली की माझी कॉलर ताठ झाली.

आमच्याकडं पेरणीची एक रीत आहे. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते, पण पहिल्या पाच ओळी अव्वाच टाकते. पदराची ओटी करून तीत बी घ्यायचं, अनवाणी चालायचं, मुठीनं सोडत जायचं. पाच ओळी झाल्या की ओटीत जे उरेल ते परत पोत्यात टाकत नाहीत. रानात जाऊन माघारी आलेलं बी म्हणजे ते घरच्या बाईचं. घरात कुणी पोटुशी असेल तर तिला पाचवा लागला की त्याची रोज तळहाताएवढी भाकरी करून घालायची. ओटी भरलेली राहावी म्हणून. अव्वानं ती माझ्या भावाच्या वेळी खाल्ली होती, माझ्या वेळी खाल्ली होती. ते बी अर्थातच गंधक लावलेलं असायचं. आजीनं तिला शिकवलं होतं की वास पूर्ण जाईपर्यंत धुवायचं, तीन पाणी लागोत नाहीतर सहा. नाकच सांगायचं कधी थांबायचं ते.

मी आणलेल्या औषधाला वासच नव्हता. अव्वानं ओटीतलं बी घरी आणून एका पाण्यात धुतलं, हुंगलं, गच्चीवर वाळवलं आणि कापडी पिशवीत भरलं. मी त्याच गच्चीवर प्रकल्पाचे पेपर वाचत बसले होते. दाणे पालथ्या हातानं सारखे करताना ती माझ्याशी बोलत होती, आणि मी हं हं करत होते. आता कुणाला पटणार नाही, पण माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही. कॉलेजातलं ते कॉलेजात आणि अव्वाचं ते अव्वाचं, असे दोन कप्पे होते डोक्यात. मधली भिंत चांगली जाड होती.

त्या वर्षी घरात पोटुशी होती माझी वहिनी. तिची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, दोन्ही तिसऱ्या महिन्यात. दुसऱ्यांदा झालं तेव्हा माहेरची माणसं तिला न्यायला आली, तर अव्वानं दारातच सांगितलं की ही माझी लेक आहे, ती कुठं जाणार नाही. महिनाभर तिचं अंथरूण अव्वाच्या शेजारी होतं. त्यामुळं या वेळी तिसरा महिना सुखरूप गेला तेव्हा घरात कुणी आनंदसुद्धा मोठ्यानं केला नाही. सगळे दबकत चालायचे. चौथा गेला. पाचवा लागला, आणि अव्वानं कापडी पिशवी काढली.

शिळं पीठ कडू होतं म्हणून ती चार-चार दिवसांपुरतंच मिक्सरवर दळायची, स्टीलच्या लहान डब्यात ठेवायची. पहिल्या तव्याची भाकरी वहिनीची. वर लोण्याचा गोळा. "तिन्नव्वा," अव्वा म्हणायची, म्हणजे खा गं बाई, आणि ती शेवटचा घास घेईपर्यंत समोरून हलायची नाही.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघी जेवत होतो. अव्वा आत ताक घुसळत होती. वहिनी हळूच म्हणाली, "ताई, ही भाकरी जराशी कडवट लागते का हो?"

मी तुकडा मोडून तोंडात टाकायला हवा होता. तेवढंच करायचं होतं. मी हसले. "वहिनी, तुमची जीभ आता तुमची राहिली नाही. उद्या पाणीपण कडू लागेल," म्हटलं.

अव्वानं आतून ऐकलं असावं. ती बाहेर येऊन म्हणाली, "कडू कसं होईल? कालच दळलंय." रागानं नाही म्हणाली, जरा घाबरूनच म्हणाली. वहिनीनं मान खाली घातली, भाकरी दह्यात कालवली आणि सगळी संपवली. त्यानंतर ती चवीबद्दल कधी बोलली नाही.

लॅबसाठी पीठ मी घरूनच न्यायची. एकदा मोठा डबा रिकामा होता, दळण गिरणीतून यायचं होतं आणि मला घाई होती. मी लहान डब्यातलं सहा-सात चमचे पीठ पिशवीत घातलं. अव्वाला विचारलंसुद्धा नाही. ती देऊ देणार नाही, हे माहीत होतं.

त्या खेपेला थाळीवर आयोडीन ओतलं आणि मी बघतच राहिले. बिनऔषधाच्या फ्लास्कातल्या बुरशीचं कडं जेमतेम उमटलं होतं. आधीच्या खेपांत त्याचं कडं सगळ्यांत मोठं असायचं. आता ते औषध घातलेल्या फ्लास्कांच्या पंगतीत बसलं होतं. बुरशी मात्र होती तशीच, काळीभोर.

सर म्हणाले, "गचाळ काम झालंय. काचेची भांडी नीट धू." मी धुतली. उरलेल्या पिठावर पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी पिपेट बदलली, नवी बुरशी आणली, ज्या टेबलावर औषध मापायचे त्याच्याजवळ तो फ्लास्क नेईनाशी झाले. दोन आठवडे मी स्वतःवर आणि लॅबवाल्या मामांवर करवादत होते. तिसऱ्यांदा थाळी दाखवली तेव्हा सर ती उजेडाकडं धरून म्हणाले, "याला औषध लागलंय. तुझ्या हातून नसेल तर सामानातून आलंय. पीठ बदललंस का?"

"नाही सर, घरचंच आहे," मी म्हटलं.

घरचंच म्हणताना मला तो लहान डबा आठवला. मग डब्यामागं पिशवी आठवली, पिशवीमागं गच्ची, ओटी, गोणपाट. सर काहीतरी विचारत होते, मला ऐकू येत नव्हतं.

इथून पुढचं इतकी वर्षं वहिनीलाही माहीत नव्हतं.

मी लगेच घरी जाऊन तो डबा ओतून द्यायला हवा होता. कुणीही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण मला खात्री करायची होती. उगाच घरात बोंब ठोकायची आणि मग निघायचं काहीच नाही, अव्वाचं मन मोडायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला ते खोटं ठरायला हवं होतं, आणि ते शास्त्रानं ठरवायला हवं होतं. त्या संध्याकाळी मी घरून दोन पुड्या आणल्या, एक मोठ्या डब्यातल्या पिठाची आणि एक लहान डब्यातल्या. दुसऱ्या दिवशी दोनच फ्लास्क लावले. बुरशी तीच, पाणी तेच. दोन्ही फ्लास्क वाफेच्या भांड्यात उकळून घेतले, नेहमी घेतो तसे.

पाच दिवस बुरशी वाढायला आणि एक दिवस थाळीला. त्या सहा दिवसांत वहिनीनं सहा भाकऱ्या खाल्ल्या. मी समोर बसलेली असायची. तिनं घास उचलला की मी मान खाली घालून माझा घास कालवत बसायची. एक दिवस मी म्हटलं, "आज राहू दे की, पोट भरलंय त्यांचं." अव्वानं माझ्याकडं असं बघितलं की पुढं बोलायची माझी छाती झाली नाही. नाही, हेही खोटं. मला बोलायचं नव्हतं.

सहाव्या दिवशी आयोडीन ओतलं. मोठ्या डब्याचं कडं रुपयाएवढं, पांढरं स्वच्छ. लहान डब्याच्या खड्ड्याभोवती काळोख खड्ड्याच्या काठापर्यंत आला होता. आणि वाफेच्या भांड्यात उकळूनही औषध शाबूत होतं, म्हणजे तव्याची काय कथा. मी थाळी तशीच टाकून स्कूटी काढली. वाटेत कुठं वळले, कुठं थांबले, काही आठवत नाही.

वहिनी गच्चीवर कपडे काढत होती. अव्वा भाजीला गेली होती. मी तिला सगळं सांगितलं, सहा दिवस सोडून. औषध मी आणलं, चोळलं मी, चमचाभर जास्तही मीच टाकला, हे सांगितलं. मला वाटलं ती रडेल, मला मारेल. ती हातातल्या साडीची घडी घालत राहिली. घडी नीट जमेना तेव्हा परत उलगडून घातली.

"म्हणजे मला कडू लागत होतं ते खरंच कडू होतं," ती म्हणाली.

मी दोरीवरचे उरलेले कपडे काढायला लागले.

मग ती म्हणाली, "अत्तींना सांगायचं नाही." सासूला आमच्यात अत्ती म्हणतात. "त्यांनी माझ्यासाठी काय काय केलंय तुम्ही बघितलंय. त्यांना कळलं की आपल्या हातानं... त्या अन्न सोडतील, ताई. माझी शपथ घ्या."

मी शपथ घेतली. लोकांना वाटेल मी अव्वासाठी घेतली. थोडी अव्वासाठीच होती. पण आतून मला सुटल्यासारखं झालं, हे मी लपवत नाही. घरात सगळ्यांसमोर उभं राहून ते सांगावं लागणार नव्हतं.

डॉक्टरीणबाईंकडं आम्ही दोघीच गेलो. त्यांनी औषधाचं नाव विचारलं, किती दिवस खाल्लं, किती खाल्लं ते विचारलं. सोनोग्राफी केली. "दिसायला सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण याबद्दल मी ठामपणे काही सांगू शकणार नाही. आता बंद करा आणि लक्ष ठेवूया." दिसायला सगळं ठीक. हे वाक्य मी रोज फ्लास्क हातात धरून म्हणत होते.

मी पिशवीतलं बी आणि डब्यातलं पीठ रातोरात नाही, भरदुपारी बदललं, अव्वा झोपलेली असताना. त्या जागी कोठीतली साधी ज्वारी भरली. काढलेलं उकिरड्यावर टाकता येईना, शेळ्या खातील. कॉलेजच्या मागं खड्डा करून पुरलं. धान्य मातीत पुरत होते, आणि आयुष्यात कधी ताटात शीत टाकलेलं नव्हतं. अव्वा त्याच प्रेमानं भाकरी घालत राहिली आणि वहिनी खात राहिली. तिची चव सुधारली, असं अव्वा शेजारणीला सांगायची.

अप्पांना मी एवढंच म्हटलं की ते औषध पुन्हा नको, गंधकच बरं. "एका वर्षात अक्कल फिरली व्हय?" त्यांनी हसून विचारलं. मी कारण दिलं नाही. काहीतरी पुटपुटले आणि विषय बदलला.

चैत्रात मुलगी झाली. वजनानं जरा कमी, पण रडली खणखणीत. अव्वानं तिला आधी ओटीत घेतलं, मग बाकीच्यांना दिली. "ओटीच्या बियानं राखली," ती येईल त्या प्रत्येक माणसाला सांगायची. वहिनी आणि मी एकमेकींकडं बघायचो नाही.

पोरगी आता चौथ्यात आहे. बोलते, भांडते, माझी हुबेहूब नक्कल करून दाखवते. चालायला जरा उशिरा लागली. बरीच मुलं लागतात. सर्दी झाली की लवकर बरी होत नाही. बऱ्याच मुलांना होत नाही. ती जिन्यावरून पडली तरी माझ्या मनात पहिला विचार तोच येतो, आणि वहिनी माझ्याकडं बघत असते, म्हणजे तिच्याही मनात तोच असतो. फ्लास्कांच्या ओळीत एक बिनऔषधाचा असतो, त्याच्याशी ताडून बघता येतं. या पोरीला ताडून बघायला दुसरी तीच पोरगी कुठून आणायची? त्या सहा भाकऱ्या तिच्या आईनं खाल्ल्या नसत्या तर ती कशी असती, हे मला कधीच कळणार नाही. हे मला जन्मभर पुरेल.

एवढ्यावरच राहिलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

यंदा संक्रांतीच्या आधी मी शिकवून घरी आले. अव्वा स्वयंपाकघरात तीळ निवडत बसली होती, पोरगी तिच्या मांडीवर. फळीवर तो स्टीलचा लहान डबा दिसला नाही. चार वर्षं तो तिथं होता, रोज त्याच्याकडं बघायची मला सवय झाली होती. मी सहज विचारलं, डबा कुठं गेला.

"टेंभुर्णीला," अव्वा म्हणाली. टेंभुर्णीला माझी मावशी असते. "तिच्या सुनेला पाचवा लागला की गं. तिचंपण एक गेलेलं. मावशी म्हटली, अक्का, तुझ्या ओटीचं काय असेल ते मला दे. यंदाचं सगळं बी डब्यात भरून पाठवलं, चार-चार दिवसांचं दळून घे म्हटलं. महिना झाला."

मला बरं वाटलं, आधी. गंधकाचं बी, म्हटलं, अव्वा धुते नीट. तरी विचारलं, "नीट धुतलंस ना? वास गेलेला?"

"यंदा वासच न्हाय त्याला. अप्पांनी तुझीच भुकटी आणली परत." तिनं एक खडा टिपून बाजूला टाकला. "दोन वर्षं काणीनं कणसं काळी केली. अप्पा म्हटले, पोरीचं ऐकून सोडलं ते चुकलं, पोरीनं आधी सांगितलेलं तेच बरोबर होतं. तुला सांगू नको म्हटले, परत भाषण देशील म्हणून."

वहिनी दारात येऊन उभी होती. तिचा चेहरा बघून मला कळलं की तिनंही ऐकलंय. शपथ तिनं घातली होती, मोडायची तिनंच. ती म्हणाली, "सांगा ताई."

मी सांगितलं. या वेळी सहा दिवसांसकट सांगितलं. पोरीला वहिनीनं उचलून बाहेर नेलं होतं, पण वहिनी दारापलीकडंच होती, ऐकत होती. अव्वा तिळाच्या ताटाकडं बघत होती. मला वाटलं ती विचारेल, असं कसं केलंस. औषध कसलं, किती, मरतं का माणूस, काहीतरी विचारेल.

तिनं विचारलं, "चार वर्षं तुला ठाऊक होतं?"

मी हो म्हटलं.

"आणि मी आज सकाळी पण तिला फोनवर सांगितलं, चुकवू नको म्हणून."

ती उठली. गुडघ्याला हात लावून उठते नेहमी, तशीच उठली. मोबाइल घेतला, टेंभुर्णीचा नंबर लावला आणि कानाला धरला. तिकडून आवाज आला. तिनं फोन माझ्या हातात दिला.

तिकडून मावशीची सून बोलत होती. तिला वाटत होतं अव्वाच ऐकतेय; नवऱ्यासारखी तीही अव्वाला मावशीच म्हणते. "मावशी, बरं झालं फोन केला. डबा संपत आलाय, अजून असेल तर पाठवा. एक दिवस चुकवलं नाही मी. फक्त एक विचारायचं होतं, रागावू नका." तिनं आवाज खाली आणला. "ती भाकरी थोडी कडवट लागते. ती तशीच असते ना?"